बांधीतील पाणी आणि वायूचा हिशेब

(पोंभुर्णा येथे सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व कृषी सहाय्यक यांच्या बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रोवणी होऊन महिना-सव्वा महिना लोटला की पाणी साचलेल्या बांधीत पाऊल टाकताच चिखलातून बुडबुडे वर येतात, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. लहानपणी ते फोडण्यात आपण मौज मानली. त्या बुडबुड्यांत मिथेन असतो. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. पाण्याखाली गेलेल्या जमिनीतील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव तेथील शेणखत, जुनी मुळे व धसकटे कुजवून हा वायू निर्माण करतात. त्याचा फार मोठा भाग बुडबुड्यांवाटे नव्हे, तर धानाच्या खोडातील पोकळ नलिकांवाटे बाहेर पडतो आणि कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवून ठेवतो, म्हणून त्याची गणना हरितगृह वायूंत होते.

मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला, असे मी समजत होतो. परंतु माहिती खात्यात काम करताना आकडे हाताळावे लागतात, आणि आकडा एकदा छापून झाला की तो खरा मानला जातो, हे मी पुष्कळदा अनुभवले आहे. म्हणूनच आपल्या शेतीतून किती वायू निघतो हा आकडा कोण काढतो आणि कशाच्या आधारे काढतो, या प्रश्नाकडे माझे लक्ष वळले.

या प्रश्नाला एक इतिहास आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातील भातशेतीतून दरवर्षी ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असे सांगितले जात होते. हा आकडा आपल्या शेतांत मोजलेला नव्हता. परदेशांतील मोजक्या नोंदी आपल्या एकूण क्षेत्राला लावून तो काढला गेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशातील निरनिराळ्या भातक्षेत्रांत जाऊन प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा आकडा निघाला सुमारे ४० लाख टन! म्हणजे आपल्या माथी जे मारले जात होते, त्याच्या जवळजवळ एक-नवमांश. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, रिओ येथे हवामानविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षऱ्या व्हायच्या होत्या. ही मोजणी झाली नसती, तर त्या वाटाघाटींत भारतीय शेतकरी कोणत्या नजरेने पाहिला गेला असता, याची कल्पना आपणच करावी. याच सुमारास अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी पोटासाठी पिकवलेल्या धानाचा वायू आणि चैनीखातर उडवलेल्या इंधनाचा वायू एकाच तागडीत तोलू नये, असे ठासून मांडले. तो युक्तिवाद मला आजही पटतो. परंतु युक्तिवादाला हातात खरा आकडा असला म्हणजेच वजन येते, हेही तितकेच खरे.

मोजणीची शास्त्रशुद्ध रीत खर्चिक आहे. पारदर्शक पेटी धानाच्या बुंध्यांवर उलटी बसवायची, तिच्या बुडाशी पाणी ठेवून बाहेरची हवा बंद करायची, आणि अर्ध्या तासात ठरावीक अंतराने पिचकारीने आतील हवेचे नमुने घ्यायचे. ते नमुने गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रात तपासायचे. हे एकदा नव्हे, तर हंगामभर पुन्हा पुन्हा. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने व दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने हे काम अनेक वर्षे चिकाटीने केले आहे. पेटी गावच्या कारागिराकडूनही करून घेता येईल. यंत्र व तो चालवणारा माणूस मिळणे कठीण. तेव्हा अशी मोजणी सिंदेवाहीसारख्या कृषी संशोधन केंद्राला शोभणारी आहे, ग्रामपंचायतीने तिच्या नादी लागू नये.

मग ग्रामपंचायतीच्या आवाक्यात काय आहे? आयपीसीसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरशासकीय समितीने यासाठी हिशेबाची एक रीत घालून दिली आहे. २००६ साली ती प्रसिद्ध झाली व २०१९ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. कोणत्याही देशाला, तालुक्याला किंवा शेतकऱ्याला ती विनामूल्य वापरता येते. दक्षिण आशियातील सतत पाण्याखाली असलेल्या व सेंद्रिय खत न घातलेल्या शेतातून दर हेक्टरी दर दिवशी ०.८५ किलो मिथेन निघतो, असे ती धरते. हंगाम ११२ दिवसांचा. या आकड्याला तीन गुणक लावायचे. पहिला, हंगामात पाणी कसे राहिले याचा. दुसरा, रोवणीपूर्वी जमीन किती काळ कोरडी होती याचा. तिसरा, शेणखत, तणस किंवा हिरवळीचे खत किती घातले याचा.

आपण एक हेक्टर बांधी घेऊ. धान दिवाळीच्या सुमारास निघाले, त्यानंतर पावसाळ्यापर्यंत जमीन सहा महिन्यांहून अधिक काळ कोरडी राहिली, म्हणून दुसरा गुणक ०.८९. शेणखत हेक्टरी ५ टन घातले असे धरले, तर तिसरा गुणक सुमारे १.५३ येतो. (त्यात एका घाताचा हिशेब आहे, तो मोबाईलवर होतो, शिक्षकांनी घाबरून जाऊ नये. गाडीत किती किलो शेणखत बसते, हे मात्र अंदाजाने न ठरवता एकदा वजनकाट्यावर पाहून घ्यावे.) आता उरला पाण्याचा गुणक. बांधीत हंगामभर पाणी हटलेच नाही, तर तो १. पावसावरची बांधी, पण पाऊस बऱ्यापैकी टिकतो, तर ०.५४. पावसावरचीच, पण दर हंगामात ओढ बसून जमीन सुकते, तर ०.१६. सारे गुणून पाहिले असता त्याच एका हेक्टरातून पहिल्या स्थितीत सुमारे १२९ किलो, दुसऱ्या स्थितीत ७० किलो आणि तिसऱ्या स्थितीत केवळ २१ किलो मिथेन निघतो.

जमीन तीच, धान तेच, खतही तेच. पाण्याविषयीच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलले, आणि आकडा सहापट बदलला. त्या उत्तरासाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि ते दिल्लीत बसून देताही येत नाही. बांधीच्या धुऱ्यावरून रोज जाणाऱ्यालाच ते ठाऊक असते.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. या विषयाची माहिती पुस्तिका तयार करण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. सोबतच्या तक्त्यात जलव्यवस्थेच्या रकान्यापुढे मी साऱ्या गावासाठी ‘पावसावर अवलंबून’ असे लिहून मोकळा झालो. शेजारी बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने ते वाचून घेतले व म्हटले, “साहेब, तलावाखालच्या बांधीत पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत पाणी हटत नाही. टेकरावरच्या बांधीत आठ दिवस उघाड पडली की भेगा पडतात. दोन्हींना एकच कसे लिहिता?” मी तक्ता फाडून नवा केला. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव हजारोंनी आहेत, शिवाय शेताशेतांत बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळापासून चालत आलेल्या या व्यवस्थेमुळे आपल्याकडे एकाच शिवारात तिन्ही प्रकारची बांधी सापडते. जिल्ह्यासाठी एकच गुणक लावणाऱ्या कोणत्याही अहवालाने हे ध्यानी घेतलेले नसते.

त्या वृद्ध गृहस्थांनी तारखा सांगितल्या नाहीत, सण सांगितले, याकडेही लक्ष द्यावे. ‘एकूण किती दिवस पाणी होते?’ असे विचारले, तर मिळणारे उत्तर अंदाजपंचे दाहोदरसे असते. ‘पोळ्याला बांधीत पाणी होते का? गणपती बसले तेव्हा? घटस्थापनेला?’ असे विचारले की स्मरण बिनचूक होते, आणि पंचांगावरून दिवस आपण मोजू शकतो. माझ्या मते सर्वेक्षणाची याहून स्वस्त सुधारणा नाही.

ज्यांना स्मरणावर विसंबायचे नसेल, त्यांच्यासाठी फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रूढ केलेली पाणीनळी आहे. मुळात ती पाणी वाचवण्यासाठी काढली गेली. ३० सेंटिमीटर लांबीचा, १० ते १५ सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा पाईप घ्यावा, खालच्या अर्ध्या भागाला सर्व बाजूंनी भोके पाडावीत, तो भाग चिखलात दाबावा व आतील माती काढून टाकावी. बाहेर पाणी दिसेनासे झाले तरी जमिनीखाली ते किती खोल आहे, हे नळीत पट्टी घालून कळते. एका शिवारात तीन नळ्या पुरेत: एक तलावाखालच्या बांधीत, एक मधल्या, एक टेकरावरच्या. आठवड्यातून दोनदा नोंद करावी. हे काम शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांना द्यावे असे मी आग्रहाने सुचवतो. मात्र पाणी खोल असेल तेथे मोठे माणूस सोबत असावे.

निरीक्षणाच्या बळावर मोठी कामे होतात, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीतील काही लोंब्या इतरांहून वेगळ्या असल्याचे पाहिले, त्यांचे बी वेगळे राखले, आणि त्यातून एचएमटी हे वाण जन्मास आले. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांचे वाण दूरदूरच्या शेतांत पोहोचले.

धानाखालोखाल गुरांचा विचार केला पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातही मिथेन तयार होतो. येथे पुन्हा परक्या आकड्यांची गोष्ट आहे. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात भारतीय उपखंडातील दुभत्या गायीमागे वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी देशाच्या २००४ च्या पहिल्या राष्ट्रीय अहवालासाठी जे काम केले, त्यात देशी दुभत्या गायीसाठी सुमारे २८ व संकरित गायीसाठी सुमारे ४३ किलो हा आकडा आला. जंगलात चरून येणाऱ्या आपल्या लहान चणीच्या गायीला मोठ्या गायीचा आकडा लावणे हा सरळ अन्याय होय. तेव्हा पशुगणनेच्या नोंदींतून देशी आणि संकरित यांची संख्या वेगळी काढावी. एवढ्याने हिशेब बराच सुधारतो. बैल, म्हैस व शेळी यांचे गुणक तक्त्यातून घ्यावेत, त्यात अधिक खोलात जाण्याचे कारण नाही.

नत्रखतांतून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा तिसरा वायू. किलोमागे तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २६५ पट तापदायक आहे. कोरडवाहू पिकाला दिलेल्या नत्रापैकी सुमारे एक टक्का या रूपाने उडतो असे धरतात. पाण्याखालच्या धानात त्याहून कमी, ०.४ टक्के. हेक्टरी १०० किलो नत्र दिले, तर कापसाच्या शेतातून सुमारे ४१६ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा वायू निघतो, धानातून १६७ किलोच्या तोडीचा. त्याच धानातील ७० किलो मिथेनची तोड मात्र जवळजवळ दोन हजार किलो येते. म्हणजे आपल्याकडे पाण्याची नोंद नीट ठेवणे हे खताच्या गोण्या मोजण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते. गोण्या मोजायच्याच असतील, तर युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते, हे लक्षात ठेवावे. कृषी केंद्रांतील विक्रीयंत्रावर खरेदीची नोंद असतेच, परंतु एका तालुक्यात घेतलेले खत दुसऱ्या तालुक्यात पडते, याचा विसर पडू नये.

क्षेत्राच्या आकड्यांसाठी नवी वणवण नको. गाव नमुना बारा आहे, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. पिकाखालील क्षेत्र तेथून मिळते. तलाठी व कृषी सहाय्यक यांनी त्या नोंदीशेजारी पाण्याच्या प्रकाराचा एकच रकाना हाताने जोडला, तरी तालुक्याचा हिशेब उभा राहील. त्याची पडताळणी आकाशातूनही होऊ शकते. पावसाळ्यात साधी उपग्रहचित्रे ढगांमुळे निरुपयोगी ठरतात, पण रडारचे किरण ढगांतून पार जातात व पाणी भरलेली बांधी ओळखू शकतात. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची अशी चित्रे विनामूल्य मिळतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेला भारत-अमेरिकेचा निसार उपग्रहही रडारचाच आहे. ते काम जिल्हा पातळीवर व्हावे. गावाने मात्र जमिनीवरची नोंद द्यावी, कारण चित्रातील काळा डाग बांधीचा की बोडीचा, हे गावाखेरीज कोण सांगणार?

हा हिशेब अचूक आहे, असे मी म्हणत नाही. मूळ ०.८५ हा आकडाच ०.५८ ते १.२६ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो, असे आयपीसीसी स्वतः नमूद करते. त्यामुळे आपल्या ७० किलोंचा अर्थ ४८ ते १०४ किलो असा घ्यावा. अहवालात दोन्ही टोके लिहावीत. दशांशचिन्हापुढे चार अंक लिहून आलेला आकडा अधिक खरा असतो, हा भ्रम आमच्या कचेऱ्यांत फार आहे.

आता ज्यासाठी ही सारी खटपट आहे, त्याकडे येतो. धानाच्या शेतीतील मिथेन कमी करण्याबद्दल कार्बन क्रेडिट नावाचे प्रमाणपत्र मिळते व ते बाजारात विकले जाते. देशात ठिकठिकाणी यासाठी शेतकऱ्यांशी करार केले जात आहेत. पाणी आलटून-पालटून द्या, मिथेन घटेल, त्याचा मोबदला मिळेल, अशी ही योजना असते. तत्त्व चुकीचे नाही. तलावाखालच्या, सतत भरलेल्या बांधीत हंगामात काही वेळा पाणी काढले, तर पाण्याचा गुणक १ वरून ०.५५ वर येतो, म्हणजे १२९ किलोंचे ७१ होतात. घट ५८ किलो. पण हीच बांधी पावसावरची असेल तर? तिच्यातून मुळात ७० किलोच निघत होते. करार करणाऱ्याने आरंभी ‘सतत पाणी’ असे लिहून घेतले आणि अखेरीस ७१ दाखवले, तर कागदावर ५८ किलोंची घट दिसते, हवेत मात्र काहीही घटलेले नसते. निसर्गाने दिलेली उघाड कोणीतरी विकून खाल्लेली असते, आणि कागदावर सही असते आपल्या शेतकऱ्याची. व्हेरा या आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने २०२४ मध्ये चीनमधील ३७ भातशेती प्रकल्प नाकारले, ही बातमी आपणांस ठाऊक असावी. असे काही येथे झाले, तर नाव खराब होईल ते गावाचे.

म्हणून माझी विनंती अशी की, कोणताही करार ग्रामसभेपुढे येण्याआधी निदान एका हंगामाची पाण्याची नोंद गावापाशी असावी. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाचे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवण्यापूर्वी त्या गावाने वर्षानुवर्षे अभ्यासगट चालवला; आधी अभ्यास, मग ग्रामसभेत निर्णय, अशी रीत ठेवली. जंगलाच्या बाबतीत जे जमले, ते बांधीच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही. जैवविविधता नोंदवही बहुतेक ग्रामपंचायतींत आहे. तिच्याच शेजारी ही दुसरी वही राहू द्यावी.

मघाशी चहाच्या वेळी एका सदस्यांनी मला विचारले की, चंद्रपूरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत असताना आमच्या बैलांचे ढेकर काय मोजता? प्रश्न डावलण्यासारखा नाही. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ५०० मेगावॉटचा एक संच एक तास पूर्ण भाराने चालला, तर ५०० टनांच्या घरात. आपली एक हेक्टर पावसाळी बांधी साऱ्या हंगामात दोन टनांच्या तोडीचा मिथेन देते. तेव्हा एका संचाचा एक तास म्हणजे अडीचशे हेक्टर धानाचा हंगाम झाला. ती वीज आपल्या घरांतही येते, हे खरे. पण ही तुलना मी आज करू शकलो, ती बांधीचा आकडा हाती होता म्हणून. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे आणि त्यात वाढ-घट दाखवण्याची मागणी यापुढे होत राहणार. त्या वेळी पोंभुर्णा तालुक्याने इतरांनी बसवलेला आकडा निमूटपणे स्वीकारावा, असे मला वाटत नाही.

नोंदीचे कोरे तक्ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. एक पान, नऊ रकाने. त्यांपैकी गट क्रमांक, क्षेत्र व पीक हे तीन पीक पाहणीवरून भरून मिळतील. उरलेले सहा बांधीवर जाऊन भरायचे आहेत: बांधीचा प्रकार, रोवणीची तारीख किंवा आवत्या, शेणखताच्या गाड्या, नत्राच्या गोण्या, पाणी असलेले सण, आणि नळीतील पाण्याची पातळी. नळीसाठी पाईपचा तुकडा कृषी सहाय्यकांनी आज नमुन्यादाखल आणला आहे. भोके किती अंतरावर पाडावीत, हे तो हातात घेतल्यावर समजेल. पऱ्हे टाकण्यापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या तीन बांध्या निवडून ठेवाव्यात आणि त्यांतील एक तरी टेकरावरची असावी.